वाचकावर विश्वास टाकणारी पुस्तकं: काही कादंबऱ्या, काही कॉमिक्स आणि माझी स्पष्ट मतं

घणसोलीच्या एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: ‘लग्नाआधी भरपूर वाचायचे, मधल्या वर्षांत सुटलं. आता पुन्हा सुरुवात केली, पण पुरस्कार मिळालेल्या मराठी कादंबऱ्या पन्नास पानांपुढे जात नाहीत. आठवीतला मुलगा जपानी कॉमिक्सशिवाय काही वाचत नाही आणि त्यावरून घरात वाद होतात. तुम्ही अलीकडे काय वाचलंत, भीडभाड न ठेवता सांगाल का? आणि मोठ्या माणसाने कॉमिक्स वाचण्यात काही अर्थ आहे का?’

ताई, आधी तुमच्या पन्नास पानांविषयी. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका छोट्या खाजगी वाचनालयाच्या टेबलामागे माझी उमेदीची वर्षं गेली. परत आलेलं पुस्तक कपाटात ठेवण्यापूर्वी मी एकदा चाळून बघायचे. कुठे टीएमटी बसचं तिकीट खुणेसाठी घातलेलं असायचं, कुठे पानाचा कोपरा दुमडलेला. पुरस्कार जाहीर झाला की ते पुस्तक सतत बाहेर असायचं, त्यासाठी नंबर लागायचे, आणि परत आलं की दुमडलेला कोपरा बहुतेक वेळा पहिल्या तीस-चाळीस पानांतच सापडायचा. तेव्हा तुम्ही एकट्या नाही. त्यातली काही पुस्तकं खरोखरच लांबलेली असतात आणि काहींना वाचायची वेगळी सवय लागते. हे दोन प्रकार ओळखू यायला लागले की सोडून दिल्याची टोचणी राहत नाही.

माझी कसोटी साधी आहे. लेखक माझ्यावर विश्वास टाकतो का? सगळं समजावून सांगायची घाई न करता मला काही जोडून घ्यायला, ओळखायला जागा ठेवतो का? तशी जागा असेल तर अवघड पुस्तकही मी नेटाने पूर्ण करते, आणि ती नसेल तर सोप्या पुस्तकाचाही मला कंटाळा येतो. कादंबरीत ही जागा शोधावी लागते. कॉमिक्समध्ये ती डोळ्यांसमोरच असते: दोन चौकटींमधली पांढरी पट्टी. एका चौकटीत दाराच्या कडीवर हात, पुढच्या चौकटीत रिकामी खोली. मधे काय झालं ते वाचणाऱ्याने मनात घडवायचं. म्हणून मी दोन्ही प्रकार एकाच मापाने मोजते आणि पुढेही त्यांची सरमिसळच करणार आहे.

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’पासून सुरुवात करते. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार हिला मिळाला, त्यामुळे ती तुमच्या हातात आलेलीच असणार. धरणामुळे उठवलेलं गाव, नव्या जागेत न रुजलेली माणसं, आणि मागे राहून गेलेली म्हैस परत आणायला जुन्या गावाकडे निघालेला एक माणूस. कथानक म्हणाल तर एवढंच. पन्हाळ्याकडची बोली फक्त संवादांत नाही, निवेदनातही मुरलेली आहे. शहरी वाचक अडखळतो तो इथेच. पहिली दहा-पंधरा पानं मोठ्याने वाचा, घरात कोणी नसताना. कानाला तो ठेका बसला की अर्थ आपोआप सुटत जातो. जनावर आणि माणूस यांच्यातलं नातं मोडतं तेव्हा नेमकं काय मोडतं, हे या कादंबरीने एकही भाषण न करता माझ्यापर्यंत पोचवलं. तक्रार एकच. रानातला तो पाठलाग मधल्या टप्प्यात त्याच त्या वळणांवर फिरत राहतो, आणि तिथे पन्नासेक पानं कमी असती तर परिणाम अधिक झाला असता.

हाच विषय विश्वास पाटलांनी ‘झाडाझडती’त फार आधी घेतला होता. कादंबरी १९९१ची, अकादमीचा पुरस्कार १९९२चा. मी ती नुकतीच पुन्हा वाचली. पाटील स्वतः प्रशासनात होते, त्यामुळे भूसंपादन, मोबदला, पर्यायी जमीन, दलाल, कचेरीतले हेलपाटे ही सगळी यंत्रणा आतून दिसते. खैरमोडे गुरुजींसारखा माणूस त्या यंत्रणेत कसा भरडला जातो हे वाचताना पुस्तक खाली ठेववत नाही. पण ही कादंबरी वाचकाला फारसं एकटं सोडत नाही. कोणाची बाजू घ्यायची, कोणावर चिडायचं, हे ती सतत सांगत राहते. पंचविशीत मला ते हवंहवंसं वाटलं होतं, आता ते जड जातं. तरी वाचनाची मोडलेली सवय जोडायची असेल तर ‘रिंगाण’च्या आधी ‘झाडाझडती’ वाचा. तिचा वेग तुम्हाला शेवटापर्यंत नेईल.

तुम्ही घणसोलीत राहता म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द तुमच्याकडे दुकानांच्या पाट्यांवर आणि निवडणुकीच्या फलकांवर रोज दिसत असेल. नवी मुंबईसाठी ठाणे आणि रायगड मिळून ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. १९७० साली शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली, १९८४च्या जानेवारीत उरण भागातल्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले आणि त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. मिठागरं आणि भातशेती यांच्या जागी सेक्टर आणि नोड उभे राहिले. यावरची एक मोठी, आगरी बोलीत भिजलेली कादंबरी मला वाचायची आहे आणि ती मी अजून वाचलेली नाही. तोवर ‘झाडाझडती’ आणि ‘रिंगाण’ वाचताना तुमच्या सेक्टरखाली कोणाचं शेत होतं हा प्रश्न मनात ठेवा. पुस्तक एकदम जवळचं होतं.

आणि इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ हे नर्मदेवरच्या धरणाविषयीचं कॉमिक १९९४ साली आलं. भारतातली पहिली चित्रकादंबरी म्हणून त्याचा उल्लेख होतो. बरीच वर्षं ते मिळत नव्हतं, २०२२ मध्ये पुन्हा छापलं गेलं. इंग्रजीत आहे, पण भाषा सोपी आहे. यात दोन धागे आहेत. एक शहरातून आलेल्या तरुण पत्रकाराचा, दुसरा आदिवासी गायकाने सांगितलेल्या सृष्टीच्या उत्पत्तीचा. पत्रकाराचा भाग आखीव चौकटींत आहे. गायकाचा भाग सुरू झाला की चौकटी सैल होतात आणि रेषा नदीसारखी पानभर वाहायला लागते. दोन जगं जमिनीकडे वेगळ्या नजरेने बघतात हे सांगायला कादंबरीकाराला पानंच्या पानं लागली असती. इथे ते रेषेच्या जाडीतून कळतं. शहरी पात्रांच्या तोंडी असलेले वादविवाद मात्र मला पुस्तिकेसारखे वाटले, चळवळीची बाजू मांडण्यापुरते. तसं असूनही आमच्या वाचकगटात ‘रिंगाण’नंतर लगेच हे ठेवलं तेव्हा ‘आम्ही चित्रांची पुस्तकं वाचत नाही’ म्हणणारे दोघे-तिघे ज्येष्ठ सभासदही गायकाच्या पानांवर थांबून राहिले होते.

कविता महाजन यांची ‘ब्र’ २००५ची. गावच्या कारभारात बायकांना एक तृतीयांश राखीव जागा मिळाल्या, त्यानंतर सरपंच झालेल्या आदिवासी बायकांचं पुढे काय झालं, हे प्रफुल्ला नावाची कार्यकर्ती फिरून बघते. माझ्या कसोटीवर ही कादंबरी खरं तर नापास व्हायला हवी. ती माहिती देते, मुलाखती सांगते, अहवालासारखी होते. तरीही मी ती आनंदाने पास करते, कारण त्या माहितीच्या खाली प्रफुल्लाचं स्वतःचं मोडलेलं घर आहे आणि त्याविषयी ती मोजकंच बोलते. बाहेरच्या बायका किती स्पष्ट बोलतात आणि ही शिकलेली बाई स्वतःबद्दल किती गप्प राहते, हा फरक आपण आपला जोडून घ्यायचा. आपला ठाणे जिल्हा २०१४च्या ऑगस्टपर्यंत पार जव्हार-मोखाड्यापर्यंत होता, मग पालघर वेगळा झाला. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हे सगळं आपल्याच जिल्ह्यात होतं याची जाणीव या पुस्तकाने करून दिली. शंभर पानांनंतर दमायला झालं तर चार दिवस थांबा, पण सोडू नका.

आता लहान पुस्तकांकडे. तुमच्यासारख्या परतलेल्या वाचकाला मी सगळ्यात आधी सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ देते. २००६ची, दोन-तीन बैठकींत संपणारी. पुण्यातल्या घरात भाड्याने राहायला आलेल्या एका तरुणाच्या प्रेमात भाऊ आणि बहीण दोघंही पडतात. आधी भाऊ सांगतो, मग बहिणीची डायरी. त्या पाहुण्याला पुस्तकभर नाव नाही. दोघं सांगतात तो एकच माणूस आहे का, असा संशय यायला लागतो, आणि लेखक त्याचा उलगडा करून देत नाही. घरातली स्वयंपाकघराची वेळ, खोलीचा रंग, जेवणाच्या टेबलावरची शांतता हे सगळं जिवंत आहे. भावाचा भाग मला फार उंचीचा वाटतो. बहिणीच्या भागात भाषा तितकी धारदार राहत नाही. काही ठिकाणी ती वीस वर्षांची मुलगी बोलते असं वाटण्याऐवजी लेखक तिच्या आडून बोलतो असं वाटतं.

याच्या जोडीला अमृता पाटील यांचं ‘कारी’ वाचा, २००८ची इंग्रजी चित्रकादंबरी. दोन मुली उंच इमारतींवरून उडी मारतात. एक जाळीत अडकून वाचते आणि शहर सोडून जाते. दुसरी, कारी, गटाराच्या पाण्यात पडून जगते आणि त्याच शहरात राहते. शहराला मुंबई म्हटलेलं नाही, पण भाड्याचा कोंदट फ्लॅट, रूममेट मुली, त्यांचे मित्र, जाहिरात कंपनीतल्या रात्री हे सगळं आपल्याला न सांगता ओळखू येतं. बहुतेक पानं काळी-करडी, मधेच एखाद्या पानावर रंग येतो आणि दचकायला होतं. दोष सांगायचा तर मजकूर जास्त आहे. चित्रात जे उघड दिसतंय त्यावर वाक्यांचा थर चढतो आणि पांढऱ्या पट्टीचं काम शब्द करू लागतात. मृत्यूच्या दारात असलेल्या एंजलबरोबरचे प्रसंग मात्र नीट सावकाश वाचा, तिथे लेखिकेने हात आखडता घेतला आहे आणि तीच पानं मनात टिकतात.

किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ मी दर काही वर्षांनी पुन्हा काढते. १९७४ साली मराठीत अशी कादंबरी आली याचं मला अजून नवल वाटतं. कुशंक पुरंदरेचं आयुष्य तुकड्यातुकड्यांत येतं, आधीचं नंतर, नंतरचं आधी, आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना पूल बांधून दिलेला नाही. कॉमिक्स वाचणाऱ्या मुलांना ही कादंबरी आमच्यासारख्यांपेक्षा लवकर उमगते. आमच्या गटातल्या कॉलेजच्या मुलीने ती लोकलमध्ये उभ्याने वाचून संपवली आणि वेळेच्या उड्यांबद्दल एकही तक्रार केली नाही. कारण चौकटीतून चौकटीत उडी मारायची तिच्या डोळ्यांना सवय होती. तुम्हाला पहिल्या फटक्यात गोंधळायला होईल. कोण कोणाचं कोण याची यादी करत बसू नका, तुकडा संपला की पुढे चला.

जाडजूड पुस्तकांबद्दल थोडक्यात. नेमाडेंची ‘हिंदू’ २०१०ची. मोहंजोदडोच्या उत्खननावरून मोरगावला परत निघालेला खंडेराव, आणि त्याच्या मनातून वाहणारा शेकडो पात्रांचा लोंढा. यातली लभानी, तिरोनी आत्या, गावातल्या बायकांची आयुष्यं मला अमोल वाटतात. विचार मांडणारा खंडेराव मला थकवतो. सलग वाचायचा हट्ट न धरता मी ती कुठूनही उघडते आणि वीस पानं वाचते, आणि अशा वाचनात ती जास्त आवडते. रंगनाथ पठारे यांचा ‘सातपाटील कुलवृत्तांत’ही असाच प्रचंड. शतकांमागून शतकं एका कुळाचा मागोवा घेणारा. जुन्या काळातले भाग झपाटून टाकणारे आहेत, आपल्या काळाजवळ येताना पकड ढिली होते.

नंदा खरे यांच्यावर मात्र थोडं थांबते, कारण त्यांना पुरेसे वाचक मिळाले नाहीत असं मला मनापासून वाटतं. ‘अंताजीची बखर’मध्ये मराठी फौजांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या एका साध्या, हुशार, जीव वाचवून राहणाऱ्या माणसाच्या तोंडून येतात. आपण ‘पराक्रम’ म्हणून शिकलो त्या मोहिमा तिकडच्या गावकऱ्यांना कशा दिसल्या असतील, हे अंताजी थेट म्हणत नाही. तो रसद, लूट, पाऊस, पगार यांच्याबद्दल बोलतो आणि आपल्याला अस्वस्थ करून सोडतो. बाजारात दर महिन्याला येणाऱ्या ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या साच्याशी हे ताडून बघा. त्या साच्यात प्रत्येक पात्र छाती पुढे काढून बोलतं, प्रत्येक वाक्यात तीन विशेषणं असतात, आणि कुठल्याच पानावर वाचकाला स्वतः काही ठरवायचं नसतं. त्या पुस्तकांवर आमच्या वाचनालयात उड्या पडायच्या हे मला माहीत आहे. तरी मी ती कोणाला सुचवत नाही. ‘उद्या’ ही नंदा खरे यांची नजीकच्या भविष्याची कादंबरी, २०२०चा अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. माणसावर कंपन्यांची आणि यंत्रांची सततची नजर कशी असेल याचं चित्र तिच्यात आहे. पात्रं एकमेकांना जग समजावून सांगताना दिसतात, तेवढा भाग मला कोरडा वाटला. पण फोनवर पत्ता टाकून रिक्षा बोलावताना, सोसायटीच्या गेटवर कॅमेऱ्यासमोर उभं राहताना ही कादंबरी आठवते, आणि ते तिचं मोठं यश आहे.

आता मोठ्यांनी कॉमिक्स वाचावीत का. आमच्या पिढीतले बरेच जण कॉमिक्सवरच वाढले. १९६४ ते १९९० इंद्रजाल कॉमिक्स निघत होतं आणि त्यातले वेताळ-मॅण्ड्रेक हे नायक घरोघरी होते. आबिद सुरतींचा बहादूर तर आपल्याच मातीतला नायक. १९९१पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ रोज सकाळी पेपरात भेटायला लागला. चिंटूच्या दोन-तीन चौकटी आजही मला शिकवतात की शेवटच्या चौकटीआधी किती कमी सांगायचं असतं. त्या उलट पौराणिक आणि ऐतिहासिक चरित्रांची रंगीत कॉमिक्स. चित्रात राजा घोड्यावर बसलेला दिसतो आणि वरच्या पट्टीत लिहिलेलं असतं, राजा घोड्यावर बसला. ‘अमर चित्र कथा’ने लाखो मुलांना गोष्टींची गोडी लावली, अनंत पै यांचं ते ऋण मोठं आहे. पण राक्षस काळे आणि देखणी माणसं गोरी, हा रंगांचा हिशेब मला आता खटकतो, आणि मुलांना ती पुस्तकं देताना मी त्याबद्दल त्यांच्याशी बोलते.

चित्रं असली की पुस्तक मुलांचंच, ही समजूत इतकी पक्की आहे की एका वाचनालयात मी आर्ट स्पीगलमनचं ‘मौस’ बालविभागाच्या कपाटात पाहिलं. मुखपृष्ठावर उंदीर आहेत एवढ्यावरून. ज्यू छळछावणीतून वाचलेल्या बापाची ही कहाणी त्याचा मुलगा ऐकतो आणि काढतो. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं. दोन भाग १९८६ आणि १९९१ साली आले, १९९२ मध्ये पुलित्झरचं विशेष पारितोषिक मिळालं. यातलं एक पान सांगते. लपायला जागा उरलेली नाही आणि बाप-आई पायी निघाले आहेत. दोन छोट्या आकृती, पाठमोऱ्या, समोर रस्त्यांचा फाटा. नीट बघितलं की त्या फाट्याचा आकार स्वस्तिकाचा आहे हे दिसतं, नाझींच्या खुणेचा. कुठल्याही वाटेने गेलं तरी तेच. मजकुरात त्याचा उल्लेख नाही. घाईत पान उलटलं तर ते निसटतं. एवढा विश्वास वाचकावर टाकणाऱ्या कादंबऱ्या फार थोड्या आहेत. आणि बापाला संत केलेलं नाही. तो चिक्कू आहे, हेकट आहे, दुसऱ्या बायकोला छळतो, इतका छळ सोसूनही दुसऱ्याच्या रंगावरून नाक मुरडतो. दुःख भोगल्याने माणूस आपोआप थोर होत नाही, हे पाहायची ताकद या पुस्तकात आहे.

‘भीमायन’ २०११चं. बाबासाहेबांच्या आयुष्यातले अस्पृश्यतेचे अनुभव, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांची. मसूर स्टेशनवर उतरलेली लहान मुलं, कोणी गाडीत घेत नाही, रात्रभर पाणी मिळत नाही, हा प्रसंग आपल्याला शाळेपासून माहीत असतो. इथे तो पुन्हा नवा होतो. चौकोनी चौकटीच नाहीत, गोंड घरांच्या भिंतीवरच्या नक्षीने पानं विभागली आहेत. संवादाचे फुगे बघा. प्रेमाने बोललेलं वाक्य पक्ष्याच्या आकारात, विषारी वाक्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. सात वर्षांच्या मुलालाही कोण कसं बोललं ते वाचण्याआधी कळतं. आजच्या काळातल्या बसस्टॉपवरच्या संवादाने पुस्तक सुरू होतं, तो भाग मला शिकवणीसारखा वाटला. व्याम दांपत्याची चित्रं त्याच्या कितीतरी पुढे गेली आहेत. ठाण्या-नवी मुंबईतल्या प्रत्येक शाळेच्या वाचनालयात हे असावं असं मला वाटतं, आणि जिथे माझं चालतं तिथे मी ते घ्यायला लावते.

तुमच्या मुलाबद्दल. आठवीतला मुलगा उजवीकडून डावीकडे जाणारी पानं सराईतपणे वाचतो, पन्नास पात्रं लक्षात ठेवतो, शब्द नसलेल्या पानांवर कोणाच्या मनात काय चाललंय ते ओळखतो, हे वाचनच आहे. त्यावरून वाद घालणं थांबवा असं मी अगदी स्पष्ट सांगेन. मात्र तो काय वाचतो ते तुम्हाला माहीत हवं. जपानमध्ये ही पुस्तकं वयोगटाप्रमाणे निघतात, आपल्याकडे दुकानात सगळी एका फळीवर लागतात. ‘वन पीस’ १९९७पासून चालू आहे, शंभराच्या वर खंड झाले. मैत्री आणि साहसाची मोठी, उदार गोष्ट, पण मारामाऱ्या खंडच्या खंड चालतात आणि मला तिथे पानं उलटवीशी वाटतात. ‘डेथ नोट’ बारा खंडांत संपतं. वहीत नाव लिहिलं की माणूस मरतो, ही कल्पना आणि दोन तल्लख मुलांची झुंज सातव्या खंडापर्यंत श्वास रोखायला लावते, नंतर कथेतला दम जातो. गुन्हेगाराला मारायचा हक्क कोणाला, यावर त्याच्याशी बोलल्याशिवाय ते त्याला एकट्याने वाचायला देऊ नका. थोडा मोठा झाल्यावर दिलं तर आणखी चांगलं.

त्याच वाटेने त्याला पुढे न्यायचं असेल तर ओसामु तेझुका यांचं ‘बुद्ध’ आणा. इंग्रजीत आठ खंड. पहिला खंड जवळजवळ संपेपर्यंत सिद्धार्थ जन्मालाच येत नाही. त्याआधी चाप्रा नावाचा गुलाम मुलगा आपली जात लपवून सेनापतीच्या घरात शिरतो, ती गोष्ट आहे, पूर्णपणे लेखकाने रचलेली. हे चरित्र म्हणून वाचू नका. गंभीर प्रसंगात तेझुका मधेच आधुनिक विनोद टाकतात, स्वतःलाही चित्रात घुसवतात. आमच्या गटात काहींना ते बुद्धाच्या गोष्टीत रुचलं नाही. मला त्या विनोदांमुळे पुढच्या पानावरचं दुःख जास्त लागलं. मधले एक-दोन खंड पसरट आहेत, हे कबूल.

केइजी नाकाझावा यांचं ‘बेअरफुट गेन’ वेगळ्या जातीचं. ६ ऑगस्ट १९४५ला लेखक स्वतः हिरोशिमात होता, सहा वर्षांचा. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ पडलेल्या घराखाली अडकून आगीत गेले. १९७३ साली त्याने ते काढायला घेतलं. चित्रं ओबडधोबड आहेत, माणसं सारखी ओरडतात, बाप मुलांना मारतो तेही विनोदी पद्धतीने काढलंय, आणि सुरुवातीला मला ते सगळं खटकत होतं. पण स्फोटाच्या आधीची कितीतरी पानं त्या घरातली भूक, गव्हाचं शेत, शेजाऱ्यांचा त्रास यांत गेलेली असतात, त्यामुळे आग लागते तेव्हा ती आपल्या ओळखीच्या घराला लागते. पहिला खंड तुम्ही आधी वाचा आणि मगच मुलाला द्यायचा की वर्षभर थांबायचं ते ठरवा. स्फोटानंतरची चित्रं अंगावर येतात आणि प्रत्येक मूल वेगळं असतं.

मराठी कादंबरीकडे त्याला आणायचं तर मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ त्याच्या टेबलावर ठेवा. २००४ची, नववीतल्या मुकुंद जोशीची. त्याच्यापेक्षा एकाच इयत्तेने पुढचा मुलगा, मित्रांची टोळी, बांधकाम चालू असलेल्या इमारतीतला अड्डा, आणि त्याला आवडणारी वर्गातली शिरोडकर. भाषा पोरांची आहे, त्यात शिव्याही आहेत, त्याची धास्ती घेऊ नका. मागे आणीबाणी चालू आहे. मुकुंदला त्यातलं अर्धंमुर्धं कळतं आणि लेखक त्याला त्याहून जास्त कळू देत नाही. तुम्हाला त्या कडेकडेच्या गोष्टी दिसतील, मुलाला शिरोडकर दिसेल, आणि जेवताना दोघांना बोलायला विषय मिळेल.

पुस्तकं मिळवायची तर जुन्या मराठी कादंबऱ्यांसाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचं सभासदत्व घ्या. १८९३ची संस्था आहे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयापेक्षाही पाच वर्षांनी मोठी. घणसोलीहून ट्रान्सहार्बरने थेट ठाण्याला उतरता येतं आणि येता-जाता वाचनही होतं. चित्रकादंबऱ्या विकत घ्यायला महाग पडतात, म्हणून दोन-तीन घरांनी मिळून घ्याव्यात आणि फिरवाव्यात, आमचा गट तसंच करतो. तुमच्यासाठी माझा क्रम असा: आधी ‘कोबाल्ट ब्लू’, मग ‘झाडाझडती’, मधे ‘मौस’चा पहिला भाग, त्यानंतर ‘रिंगाण’, मोठ्याने. ‘हिंदू’ला एवढ्यात हात लावू नका. आणि मुलाला त्याच्या आवडीच्या मालिकेतलं सगळ्यात आवडतं पान तुम्हाला समजावून सांगायला लावा, त्याच्या शेजारी बसून, पुस्तक त्याच्याच हातात ठेवून.